वाचकांचे प्रश्न : १२०० कॅलरींचा हट्ट कशाला?

या वेळी वजनाचेच प्रश्न एवढे आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. बहुतेकांना एकच हवंय, रोज किती कॅलरी खाऊ तो आकडा सांगा. सुरुवातीचा आकडा सांगता येतो हो, पण तो अंदाज असतो, खरा आकडा तुमचं शरीर तीन-चार आठवड्यांत वजनकाट्यावर दाखवतं आणि मग आपण आपला अंदाज दुरुस्त करायचा. हिशेब मुद्दाम उलगडून दिलाय, म्हणजे स्वतःचं वय-वजन घालून तुम्हालाही करता येईल. इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, पाकिटावर किलोज्यूल छापलेले असतील तर ४.१८ ने भागा.

प्रश्न : ताई, माझं वय ३४, उंची १५८ सेंमी, वजन ७२ किलो. दिवसभर खुर्चीत बसून काम. ॲपमध्ये माहिती भरली तर रोज १२०० कॅलरी खा म्हणालं. चार दिवस नीट जमतं, पाचव्या दिवशी संध्याकाळी हाताला लागेल ते खाते आणि मग तीन दिवस मोजतच नाही. माझ्यात कंट्रोलच नाहीये का?

कंट्रोलचं नंतर बघू, आधी हा १२०० आला कुठून ते बघूया. ॲपने विचारलं असणार की आठवड्याला किती कमी करायचंय, आणि तुम्ही १ किलो निवडलं असणार, कारण समोर पर्याय दिसले की माणूस सगळ्यात मोठ्यावरच बोट ठेवतो. आता एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे आठवड्यात एक किलो घालवायचं तर खर्चापेक्षा रोज ११०० कमी खायला हव्यात.

तुमचा खर्च किती? १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र आहे, आजही बरेच लोक तेच वापरतात. वजन गुणिले १०, त्यात उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं, आणि शेवटी बाई असेल तर आणखी १६१ वजा, पुरुष असेल तर ५ अधिक. तुमचं झालं ७२० अधिक ९८७ वजा १७० वजा १६१, म्हणजे १३७५ च्या आसपास. हा नुसता पडून राहिलात तरी लागणारा खर्च, याला बीएमआर म्हणतात. अगदीच बैठं आयुष्य असेल तर याला १.२ ने गुणायचं, थोडी हालचाल असेल तर १.३७५ ने. म्हणजे १६५० ते १८९०. तुमचं घरातलं काम, येणं-जाणं धरून आपण १८०० म्हणू.

आता १८०० मधून ११०० काढा. उरले ७००. एवढं कमी खा असं सांगायचं नाही म्हणून बऱ्याच ॲपमध्ये बायकांसाठी १२०० ची खालची मर्यादा घालून ठेवलेली असते, हिशेब कितीही खाली गेला तरी ते १२०० च दाखवतं. म्हणजे तुम्ही ज्या आकड्यासाठी स्वतःला दोष देताय तो तुमच्यासाठी काढलेलाच नाहीये, तिथून खाली जाता येत नव्हतं म्हणून तो आलाय!

मी तुम्हाला १५०० ने सुरुवात करायला सांगेन. खर्चाच्या १५ ते २० टक्के कमी हे बहुतेकांना झेपतं, तुमच्या बाबतीत ते १४४० ते १५३० येतं. रोज ३०० कमी म्हणजे आठवड्याला २१००, म्हणजे पाव किलोच्या थोडं वर, महिन्याला एक किलोच्या आसपास. एवढंच? असं म्हणाल. मग तुमचा सध्याचा आठवडा मांडून बघा. चार दिवस १२०० म्हणजे रोज ६०० प्रमाणे २४०० वाचवले, आणि नंतरचे तीन दिवस समजा २५०० खाल्लं तर रोज ७०० प्रमाणे २१०० परत आले. अख्ख्या आठवड्याची कमाई ३००. उपाशी राहिलात, चिडचिड झाली, अपराधी वाटलं आणि हातात ३०० कॅलरी. १५०० वाली बाई चारही दिवस तुमच्यापेक्षा जास्त जेवून आठवड्याला २१०० वाचवते, सातपट.

म्हणून आकडा निवडताना एकच कसोटी लावा, झोप झालेली नाही, कामाचा ताण आहे, घरात कोणी आजारी आहे अशा आठवड्यातही हा जमेल का? उत्साहातल्या सोमवारी काय जमतं त्याला काही किंमत नाही. आणि फायदा व्हायला फार मोठा आकडा लागतो असंही नाही. २००२ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा, त्यात एका गटाला ध्येय दिलं होतं वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. साधारण तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तुमच्या ७२ चे ७ टक्के म्हणजे फक्त ५ किलो.

चार आठवडे १५०० धरा, मग बघा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून किलो-दीड किलो सहज वाढतं, त्यामुळे या महिन्यातला दहावा दिवस मागच्या महिन्यातल्या दहाव्या दिवसाशीच ताडून बघायचा, पाळीच्या हिशेबाने म्हणतेय मी, तारखेच्या नाही. काहीच हललं नाही तर १०० ने कमी करा, फार भरभर उतरतंय आणि भूक सहन होत नाहीये तर १०० ने वाढवा. वाढवणंसुद्धा दुरुस्तीच असते बरं का, ती हार समजू नका.

प्रश्न : वय ४५, पुरुष, उंची १७६ सेंमी, वजन ९६ होतं. १९०० कॅलरी सुरू केल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जवळजवळ चार किलो गेले. त्यानंतर तीन आठवडे काटा ९२ वर ठाण मांडून बसलाय. मेटाबॉलिझम बंद पडला का? १४०० करून टाकू का?

नको, थांबा. वरचंच सूत्र लावलं तर तुमचा बीएमआर १८४०, थोडी हालचाल धरून खर्च २५३०. म्हणजे रोज ६३० कमी, आठवड्याला साधारण ४४००, म्हणजे चरबी जाणार ५०० ते ६०० ग्रॅम. पंधरा दिवसांत सव्वा किलोही नाही. मग बाकीचे अडीच-तीन किलो कुठले? पाणी. स्नायू आणि यकृतात मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, खाणं कमी केलं की हा साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. त्यात बाहेरचं खाणं सुटलं की मीठ कमी होतं आणि आतड्यात मुळात अन्नच कमी असतं.

गंमत बघा, पाच आठवड्यांत हिशेबाने जायला हवी होती पावणेतीन-तीन किलो चरबी, आणि काटा चार किलो कमी दाखवतोय. म्हणजे तुम्ही ठरल्यापेक्षा मागे नाही, पुढेच आहात, फक्त पाणी आधी गेलं आणि मग त्यातलं थोडं परत आलं, आणि ते परत येताना खाली चरबी उतरत होती ती दिसली नाही. दोन गोष्टी एकाच वेळी उलट दिशेने चालल्या की काटा स्थिरच दिसणार ना.

म्हणून एका दिवसाच्या वजनावर कधीच निर्णय घ्यायचा नाही. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. मग या आठवड्याची सरासरी तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडा. खारट जेवण, नवा व्यायाम सुरू केल्यावर दुखणारे स्नायू, अपुरी झोप, बद्धकोष्ठ, कशानेही एक-दीड किलो इकडचं तिकडे होतं. रोज काट्यावर उभं राहून मूड जात असेल तर आठवड्यातून तीनदा करा, पण महिन्यातून एकदा करू नका, त्या एका दिवशी पाणी साठलेलं असलं की संपलं.

मेटाबॉलिझम बंद पडत नाही. मंदावतो मात्र नक्की, आणि त्याची कारणं साधी आहेत. लहान शरीराला कमी लागतं, तुम्ही ८८ किलोवर आलात की याच हिशेबाने खर्च २४२० होईल, म्हणजे ९६ किलोच्या वेळेपेक्षा ११० ने कमी. शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो, जिना टाळतो, बसल्या जागेवरून उठायचा कंटाळा करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, रोज साधारण १५७० कॅलरी आणि भरपूर चालणं. त्यांचं वजन चौथ्या हिश्शाने उतरलं, शरीराचा खर्चही खूप खाली आला, पण म्हणून वजन उतरायचं काही एकदम थांबलं नाही. बिघडलं ते डोकं. दिवसभर अन्नाचेच विचार, कोणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागलं, चिडचिड, उदासी, आणि खाणं परत मिळाल्यावर कितीही खाल्लं तरी समाधान नाही. ते पुरुष तरुण, सडपातळ आणि निरोगी होते. १४०० वर तुमचंही तसंच होईल असं नाही म्हणत मी, पण कोणत्या दिशेला निघालात ते कळावं म्हणून सांगितलं. १९०० वरच राहा, आणखी दोन आठवडे सरासरी बघा.

प्रश्न : रोज २५० कॅलरी कमी केल्या तर वर्षभरात किती किलो जातील? एका लेखात १२ किलो म्हटलंय.

तो कागदावरचा गुणाकार आहे, २५० गुणिले ३६५ भागिले ७७००. हा नियम १९५८ पासून चालत आलाय आणि पहिल्या काही आठवड्यांपुरता ठीक आहे, पण वजन उतरलं की खर्चही उतरतो हे तो धरतच नाही. २०११ साली केविन हॉल या अमेरिकेतल्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जास्त खरा अंदाज मांडला, रोजच्या प्रत्येक २४ कॅलरींच्या कपातीमागे शेवटी एक किलो, आणि त्यातलं अर्धं पहिल्या वर्षात, जवळपास सगळं तीन वर्षांत. म्हणजे तुमच्या २५० ला एकूण दहा किलो, पहिल्या वर्षी पाच. निराश होऊ नका, उलट हे माहीत नसलं की सहाव्या महिन्यात वेग मंदावल्यावर लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय आणि ते सोडून देतात. आणखी हवं असेल तर चार-पाच किलो उतरल्यावर नवीन वजनाने हिशेब परत करायचा, एवढंच.

प्रश्न : मी प्रामाणिकपणे १३०० कॅलरी खाते, सगळं लिहून ठेवते, तरी तीन महिन्यांत अर्धा किलोसुद्धा नाही. थायरॉइड नॉर्मल आहे. घरचे म्हणतात तू चोरून खातेस.

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात तुमच्यासारखेच लोक होते, १२०० पेक्षा कमी खातो तरी उतरत नाही म्हणणारे. त्यांचा खर्च नीट मोजला तर तो नॉर्मल निघाला, आणि खाणं त्यांनी सांगितल्यापेक्षा बरंच जास्त. सरासरीने त्यांनी खाणं ४७ टक्के कमी आणि व्यायाम ५१ टक्के जास्त सांगितला होता. ही लबाडी नव्हती हो, मोजण्यात आपण सगळेच असेच चुकतो, आहारतज्ज्ञसुद्धा, फक्त थोडे कमी.

कुठे चुकतं ते सांगते. पहिलं तेल. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, १२० कॅलरी. बाटलीतून अंदाजाने ओतलेलं तेल एक चमचा आहे का तीन हे डोळ्याला कळत नाही, आणि पदार्थ लिहिताना आपण भाजी लिहितो, तेल लिहीत नाही. दुसरं, कच्चं आणि शिजलेलं. धान्य आणि डाळी शिजल्यावर पाणी पिऊन अडीच-तीनपट होतात, ॲपमध्ये कच्च्याची नोंद निवडून शिजलेलं वजन टाकलं किंवा उलट केलं की आकडा कुठच्या कुठे जातो. तिसरं, चव बघणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं, कपाटाजवळून जाताना मूठभर सुकामेवा, हे खाण्यात धरलंच जात नाही. चौथं, दुधा-साखरेची पेयं, ती पोटात जागा घेत नाहीत आणि लिहायची आठवणही राहत नाही.

आणि सगळ्यात मोठं, सुटीचे दिवस. पाच दिवस ४०० ने कमी खाल्लं म्हणजे २००० वाचले, सुटीच्या दोन दिवशी हजार-हजार जास्त गेलं की हिशेब शून्य, आणि तुम्ही तरी सातातले पाच दिवस अगदी प्रामाणिक होतात!

दोन आठवडे, फक्त दोनच, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या आणि खाण्यापूर्वी ग्रॅममध्ये वजन करून लिहा, तेलाची बाटलीसुद्धा वापरण्याआधी आणि नंतर तोलून बघा. खाण्यात काही बदल करू नका, नुसतं खरं काय चाललंय ते कळू दे. या दोन आठवड्यांत वजन स्थिर राहिलं आणि रोजची सरासरी समजा १७५० निघाली, तर तोच तुमचा खरा खर्च, कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त विश्वासाचा, त्यातून ३०० कमी करा. मला स्वतःला आयुष्यभर तोलून खाणं अजिबात पटत नाही, पण नजर तयार व्हायला एकदा हे करून बघावं लागतं. सगळं नीट तोलूनही आकडा खरंच १३०० च निघाला तर मात्र डॉक्टरांकडे जा, चालू असलेली औषधंही दाखवा, काही औषधांनी वजन वाढतं.

प्रश्न : माझं घड्याळ सांगतं की आज व्यायामात ६०० कॅलरी जळल्या. त्या खाऊ शकतो का?

दोन कारणांनी नाही. एक, खर्च काढताना १.३७५ किंवा, नियमित व्यायाम असेल तर, १.५५ ने गुणलंत तेव्हा व्यायाम त्यात आलाच, परत खाल्लात तर दोनदा मोजला. दुसरं, घड्याळ. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली, हृदयाचे ठोके बहुतेकांनी छान मोजले पण कॅलरीत सगळ्यात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. शिवाय त्या ६०० मध्ये त्या वेळात नुसते बसून असता तरी जळल्या असत्या त्याही बऱ्याचदा धरलेल्या असतात. लांब पल्ल्याचं पळणं, दोन-तीन तास सायकल असं असेल तर निम्म्या परत खा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भूक वसूल करतेच. रोजच्या तासाभराच्या व्यायामाला काही वेगळं खाऊ नका. व्यायाम सोडू मात्र नका, कॅलरी जाळण्यात त्याचा वाटा लहान असला तरी स्नायू टिकवायला तोच लागतो, त्यातही वजनं उचलण्याचा.

प्रश्न : १५०० मध्ये बसवते पण रात्री भूक इतकी लागते की झोप येत नाही. १५०० म्हणजे १५००, मग काय खाल्लं याने फरक पडतो का?

वजनाच्या हिशेबात कॅलरी ती कॅलरीच, पण १५०० वर टिकता येतं की नाही हे पूर्णपणे काय खाल्लं यावरच ठरतं. प्रोटीन आणि कर्बोदकात ग्रॅममागे ४ कॅलरी, चरबीत ९. यातलं प्रोटीन पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतं, आणि ते पचवण्यातच त्याच्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, चरबीच्या बाबतीत हे जेमतेम ३ टक्के. वजन उतरताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन ठेवा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. ते तिन्ही जेवणांत वाटून घ्या, बरेच जण सकाळी जवळजवळ काहीच प्रोटीन घेत नाहीत आणि संध्याकाळी खा-खा सुटते. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही, जे तुमच्या खाण्यात बसतं ते. त्याच्या जोडीला भाज्या भरपूर आणि फळं रसाऐवजी अख्खी.

आणखी एक, पाकिटातले तयार पदार्थ. २०१९ साली केविन हॉल यांनीच २० जणांना प्रयोगशाळेत ठेवून दोन आठवडे खूप प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्ही वेळा पुढे ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच आणि वाटेल तेवढं खायची मोकळीक. तयार पदार्थांवर असताना लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होते, कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच. तुमचे १५०० जर असल्या पदार्थांतून येत असतील तर भूक राहणारच.

आणि रात्रीची भूक एवढी असेल तर २०० कॅलरी रात्रीसाठी राखून ठेवाच. रात्री खाल्लं म्हणून त्याची वेगळी चरबी होत नाही, दिवसाच्या हिशेबात धरलं की झालं. एवढं सगळं करूनही झोप लागत नसेल तर १६०० करा. दोन महिन्यांचं काम तीन महिन्यांत होईल, काय बिघडलं?

प्रश्न : आईचं वय ६३, मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन चालू आहे. तिलाही डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलंय, मी तिला माझाच प्लॅन देऊ का?

नका देऊ. खाणं कमी झालं आणि इन्शुलिन किंवा काही गोळ्यांचा डोस तसाच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही खाणं कमी करतोय, डोस बदलावा लागेल का, रक्तदाबाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. या वयात स्नायूही भराभर जातात, म्हणून कपात छोटी ठेवायची, प्रोटीन नीट आणि खुर्चीतून उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं असे ताकदीचे व्यायाम शिकून घ्यायचे. काटा हळू उतरला तरी आई जिना जास्त सहज चढते का ते बघा.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. रोज ८०० कॅलरी खाते. पाळी दोन महिने आली नाही. हे नॉर्मल आहे का?

नाही गं, हे नॉर्मल नाही. आज घरात सांग आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ८०० पेक्षा कमी कॅलरींचा आहार मोठ्या माणसांनासुद्धा फक्त वैद्यकीय देखरेखीखाली देतात, आणि तुझं तर हाडं घडायचं वय आहे. पाळी थांबण्याची दुसरी कारणंही असतात, ती डॉक्टर तपासतील. ॲप काढून टाक. खाल्लं की भीती वाटते, सतत आकडेच डोक्यात फिरतात, खाल्लेलं काढून टाकावंसं वाटतं असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यावर चांगले उपचार आहेत आणि तुझी यात काही चूक नाही. (गरोदर आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या वाचकांचीही विचारणा होती, तुमच्यासाठीही या अंकातले हिशेब नाहीत, तुमच्या डॉक्टरांशी बोला.)

प्रश्न : महिन्यात ८ किलो कमी करून देतो म्हणणारे असतात, त्यात तोटा काय? नंतर सांभाळू.

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. केस गळतात, साधारण दोन-तीन महिन्यांनी, तोपर्यंत तो माणूस पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत, कारण असताना झपाट्याने वजन उतरवतात तो वेगळा विषय.

प्रश्न : दीड वर्षात ८४ वरून ७३ वर आलो! आता पुढे काय? कॅलरी मोजणं बंद केलं की परत वाढेल अशी भीती वाटते.

अभिनंदन, आणि दीड वर्ष लागलं हे लिहिलंत म्हणून खास. आता खाणं एकदम सोडू नका, दर दोन आठवड्यांनी रोजचे १०० वाढवत जा आणि सरासरी बघत राहा. सुरुवातीला पाऊण-एक किलो वाढेल, ते तेच ग्लायकोजेन आणि पाणी, घाबरून परत खाली जाऊ नका. जिथे तीन-चार आठवडे सरासरी हलत नाही तो तुमचा आता कायमचा आकडा. तो ८४ किलोच्या वेळच्या आकड्यापेक्षा कमीच असणार, ११ किलोला २४ प्रमाणे साधारण २६०, म्हणजे जुन्या ताटावर परत गेलात तर वजनही हळूहळू परत जुन्यावरच जाईल.

अमेरिकेत १९९४ साली नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची एक नोंदवही सुरू झाली, त्यात किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांनी नावं नोंदवली. वजन उतरवायच्या पद्धती प्रत्येकाच्या वेगळ्या, पण टिकवण्याच्या सवयी बऱ्याच जणांच्या सारख्या निघाल्या, नियमित वजन करणं, रोज तासभर चालण्यासारखी हालचाल, आणि सुटीच्या दिवशीही खाण्याची तीच रीत.

मोजणं बंद करा, खुशाल करा. आठवड्यातून दोन-तीनदा वजन लिहा आणि एक वरची रेघ ठरवा, तुमच्यासाठी ७५ म्हणू. आठवड्याची सरासरी ७५ च्या वर गेली तर तीन आठवडे परत लिहून खायचं, ७३ च्या आसपास आलात की वही बंद. प्रवास, आजारपण यांनी एखादा आठवडा वर गेला तर पुढच्या आठवड्याची सरासरी येईपर्यंत काहीच करू नका, बहुतेक वेळा ते पाणीच असतं.